दृश्यकला शिक्षणातील संशोधन : खान्देश

चित्र, शिल्प, छायाचित्र, उपयोजित कला व लोककला यांचा साहित्य, तंत्र, इतिहास आणि वापर या अंगांनी घेतलेला पद्धतशीर शोध व त्याचा शिकण्या-शिकवण्यासाठी होणारा उपयोग. पदव्युत्तर पदवीचा लघुप्रबंध हे त्याचे परिचित रूप. मात्र मोजमापे घेणे, प्रतिकृती करणे, रंग-मातीचे प्रयोग करणे आणि त्यांची टिपणे ठेवणे हेही संशोधनच होय. ब्रिटिश अभ्यासक क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये कलेविषयीचे, कलेतून होणारे व कलेसाठीचे संशोधन असा भेद मांडला. खान्देशात या तिन्हींचे दाखले त्याआधीच सापडतात, फक्त कलावर्गात त्यांची आठवण क्वचितच काढली जाते.

यांतला सर्वांत बोलका दाखला अजिंठ्याचा. ही लेणी प्रशासकीयदृष्ट्या खान्देशाबाहेर असली, तरी जळगावहून जवळ आहेत. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांनी १८४४ नंतर तेथील भित्तिचित्रांच्या तैलरंगातील मोठ्या प्रतिकृती केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन हे काम नव्याने केले. त्यातल्याही पुष्कळ प्रतिकृती १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथे आगीत गेल्या. ग्रिफिथ्स यांचा सचित्र ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. भिंतीवर भुसा व वनस्पतींचे तंतू मिसळलेला मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग डिंक-सरसासारख्या बंधकातले रंग, ही अजिंठ्याची रीत नीट कळते ती नुसते चित्र पाहून नव्हे, तर ते थरांनी वाचून. प्रतिकृतींच्या या कामाला एक काळी बाजूही आहे. रेषा उठून दिसाव्यात म्हणून मूळ चित्रांवर वॉर्निश फासले गेले; ते पिवळे पडले आणि चित्रांची हानी झाली. मूळ वस्तूला हात न लावणे हा धडा प्रात्यक्षिकाच्या पहिल्याच तासाला द्यायला हवा.

चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे शां. अ. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याचे कोरीव कवच मिळाले. त्यावर समांतर रेषांच्या मध्ये फुल्याफुल्यांची नक्षी असून त्याचा काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा मानतात. संकल्पचित्राचा तास या तुकड्यापासून सुरू करता येईल, पण पाठ्यक्रम मात्र बहुधा युरोपातील गुहांपासूनच सुरू होतो.

याच चाळीसगावात केकी मूस (१९१२–१९८९) यांनी घराच्या चार भिंतींत टेबलटॉप छायाचित्रणाचा ध्यास घेतला. साध्या घरगुती वस्तू टेबलावर मांडायच्या, प्रकाश फिरवत राहायचा आणि भिंगातून अख्खे निसर्गदृश्य उभे करायचे. कलेतून होणारे संशोधन म्हणतात ते हेच. त्यांचे घर आज संग्रहालय म्हणून जपलेले आहे.

धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर (१९२६) राजवाडे संशोधन मंडळ १९२७ मध्ये स्थापन झाले. कागदपत्रांबरोबरच तेथे वस्तुसंग्रहालय आहे व ‘संशोधक’ हे नियतकालिक निघते. दप्तरे शोधत गावोगाव हिंडण्याची राजवाड्यांची शिस्त कलाविद्यार्थ्यालाही तशीच्या तशी उपयोगी पडते.

खिरोद्याचे सप्तपुट ललित कला भवन, चोपड्याचे ललित कला केंद्र यांसारख्या संस्थांनी ग्रामीण मुलांसाठी कलाशिक्षणाची दारे उघडली. मात्र एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांपासून पदविकेपर्यंतची सगळी व्यवस्था कौशल्यावर गुण देणारी आहे. ‘हे असे का केले’ याचे उत्तर तिथे फारसे कोणी मागत नाही. जळगावचे विद्यापीठ १९९० मध्ये सुरू झाले, त्याला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. प्रादेशिक लोककलांचा अभ्यास त्याच्या परिसरात व्हावा ही अपेक्षा रास्तच आहे.

विषय शोधायला लांब जावे लागत नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, तेव्हा भुलाबाई-भुलोबाच्या रंगीत मातीच्या मूर्ती घरोघर बसतात. माती कुठली, साचा कोणाचा, डोळे कोण रंगवते, पूर्वीचे रंग कोणते, याची नोंद फोटो, माप, तारीख आणि कारागिराच्या संमतीने दिलेल्या नावासह झाली पाहिजे. कलाशिक्षकांनी पुढच्या वर्गाला हे काम जरूर द्यावे.