शेणापासून वीज : हिशेब जुळतो तो खताच्या जोरावर

शंकर नगर (रायपूर) : छत्तीसगडमध्ये 20 जुलै 2020 रोजी, हरेली सणाच्या दिवशी, ‘गोधन न्याय योजना’ सुरू झाली. तिच्याअंतर्गत पशुपालकांकडून 2 रुपये किलो दराने शेण खरेदी करून गावोगावच्या ‘गौठानां’त, म्हणजे सामायिक गुरांच्या तळांवर, गांडूळ खत तयार केले जाऊ लागले. 2 ऑक्टोबर 2021 रोजी तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी तिला वीजनिर्मितीची जोड दिली. त्यासाठी प्रथम सिकोला (जि. दुर्ग), बनचरौदा (जि. रायपूर) आणि राखी (जि. बेमेतरा) ही गावे निवडण्यात आली.

हवाबंद टाकीत शेण कुजून बायोगॅस तयार होतो. त्यात मिथेनचे प्रमाण निम्म्याहून अधिक असते. इंजिन गंजवणारा हायड्रोजन सल्फाइड काढून टाकल्यावर हा वायू जनित्राला पुरवला जातो.

सुमारे 25 किलो ताज्या शेणापासून 1 घनमीटर वायू मिळतो आणि लहान जनित्रावर त्यातून 1.5 ते 2 युनिट वीज तयार होते. 1.8 युनिट गृहीत धरल्यास एका युनिटसाठी जवळपास 14 किलो शेण लागते. पाच अश्वशक्तीचा कृषिपंप तासभर चालवायचा, तर पाच-सहा जनावरांचे दिवसभराचे शेण खर्ची पडते.

खरी अडचण दराची आहे. 2 रुपये किलोप्रमाणे शेण विकत घेतल्यास प्रति युनिट केवळ शेणाचाच खर्च 28 रुपयांवर जातो. जनित्र, मजुरी व देखभाल वेगळीच. एक लिटर डिझेलपासून साधारण 3 युनिट वीज मिळते. म्हणजे विकतच्या शेणाची वीज डिझेलच्या विजेइतकीच महाग पडते.

मात्र, वायू निघून गेल्यावर उरणाऱ्या स्लरीत नत्र, स्फुरद व पालाश जवळपास तसेच राहतात. 14 किलो शेणाच्या स्लरीपासून अंदाजे 3 किलो खत होते. योजनेतील तत्कालीन 10 रुपये किलो दराने त्याचे 30 रुपये होत, म्हणजेच शेणाची किंमत खतातून वसूल होत असे. खताला गिऱ्हाईक नसेल, तर प्रकल्प तोट्यात जातो.

शेणात सुमारे 80 टक्के पाणी असल्याने दुरून वाहतूक करणे परवडत नाही. मोकाट चरणाऱ्या गुरांचे शेण गोळा करणेही अवघड असते. त्यामुळे जनावरे गोठ्यात बांधलेली असून शेण घरचे आहे, स्लरी स्वतःच्याच शेतात जाते आणि वीज डिझेलऐवजी वापरली जाते, अशा दुग्धव्यावसायिकांना हा प्रकल्प सर्वाधिक किफायतशीर ठरतो.