इराण्याची खुर्ची

हॉटेलांच्या सजावटीवर कामगार चळवळीतल्या माणसाने काय बोलावे, असे काही श्रोत्यांस वाटेल. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि इराण्याच्या हॉटेलात झाले. एका पानीकम चहावर तास तास बसून आम्ही पत्रके लिहिली. पण ज्या खुर्चीवर बसून लिहिली, तिची चौकशी करण्याचे फार उशिरा सुचले.

गोल बैठक, वाकवलेल्या लाकडाची पाठ, सडपातळ पाय. हा घाट मिखाएल टोनेट या जर्मन कारागिराचा. ऱ्हाइनकाठी १७९६ साली जन्मलेला हा गृहस्थ मेटर्निखच्या बोलावण्यावरून १८४२ साली व्हिएन्नात गेला, आणि १८५० च्या सुमारास तिथल्या दाऊम कॉफीगृहाला त्याने खुर्च्या पुरवल्या.

सुतार लाकूड तासून, सांधे घालून वळण आणतो. टोनेटने बीच झाडाच्या दांड्या वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवल्या. वाकवताना लाकडाची बाहेरची बाजू ताणली जाऊन फाटते. म्हणून त्या बाजूस पोलादी पट्टी आवळायची, म्हणजे बाहेरची बाजू ताणत नाही, आतली दबते. युक्ती एवढीच, पण तिच्यावर १८५७ साली मोराव्हियातील बीचच्या रानांजवळ कारखाना उभा राहिला, आणि १८५९ साली १४ नंबरची खुर्ची निघाली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. बोटीने कुठेही न्याव्यात आणि तिथे जोडाव्यात! १९३० पर्यंत अशा सुमारे ५ कोटी खुर्च्या खपल्या.

कलेचे जाणकार तिच्या वळणाची वाखाणणी करतात. करोत बापडे. आम्हांस तिच्यात कामाची विभागणी दिसते. मुरलेल्या सुताराच्या जागी खेड्यातला मजूर वाफेच्या पेटीशी उभा राहिला, घासकामाला आणि वेत विणायला बाया लागल्या. कोरीव नक्षी गेली, कारण ती करणाऱ्या हाताची मजुरी परवडणारी नव्हती. तिचे देखणेपण या काटकसरीतून आलेले आहे.

१८६९ साली टोनेटचा मक्ता संपला, आणि इतर कारखानेही तशाच खुर्च्या काढू लागले. मुंबईत त्या आणल्या इराण्यांनी. यझ्द, केरमानकडून आलेल्या या लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चहाची दुकाने थाटली. धोबीतलावचे कयानी १९०४ सालचे. कोपऱ्यावरची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांस मिळाली, असे सांगतात. दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक हे कारण आम्हांस अधिक पटते. संगमरवरी टेबल एका फडक्यात स्वच्छ होते. भिंतीवरच्या आरशांनी जागा मोठी दिसते, आणि गल्ल्यावर बसल्या बसल्या मालकाची नजर सगळीकडे पोचते. नोकरावरही.

गिरणगावात एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगाराकडे स्वतःची खुर्ची कोठली? जात पाहून कपबशी वेगळी ठेवणारी हॉटेले त्या काळी होती. अशा शहरात चहाच्या पैशात संगमरवरी टेबलाशी, कारकुनाच्या शेजारी बसायला मिळणे ही लहान गोष्ट नव्हती.

पण चहा आणणारा पोऱ्या त्या खुर्चीवर कधी बसला?

काही वर्षांपूर्वी एका नव्या हॉटेलाच्या कामगारांनी आम्हांस बोलावले. नाव सांगत नाही. मालकाने जुन्या इराण्यांच्या खुर्च्या, आरसे, घड्याळसुद्धा हौसेने विकत घेऊन मांडले होते. चहाची किंमत मात्र अशी की, जुना गिरणी कामगार पायरीवरूनच परतावा. वेटर बारा बारा तास उभे. संध्याकाळी पायांच्या शिरा तटतटत. आम्ही त्यांच्यासाठी बसायला जागा मागितली. मालक म्हणाले, "बसलेला वेटर गिऱ्हाइकाला बरा दिसत नाही, साहेब."

केरळात कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायांनी याच गोष्टीसाठी लढा दिला. तिथे २०१८ साली कायदा दुरुस्त होऊन कामावर बसण्याचा हक्क मिळाला. २०२१ साली तामिळनाडूने तेच केले. ती कात्रणे आम्ही मालकांपुढे ठेवली. त्यांनी चहा मागवला. आम्ही त्या वळणदार खुर्चीवर बसलेले, आणि कप ठेवणारा मुलगा आमच्याकडे न पाहता बाजूला उभा.

चौथ्या बैठकीनंतर भटारखान्याच्या दाराशी एक बाकडे आले. साध्या फळीचे, गिऱ्हाइकाच्या नजरेआड. तिघे बसतात, चौथ्याला उभे राहावे लागते. पाचवी बैठक त्यावर आहे.