सिबराइट : एका बुडवलेल्या नगराचे नाव

खाण्यापिण्यात आणि सुखोपभोगात आकंठ बुडालेल्या माणसाला इंग्रजीत ‘सिबराइट’ म्हणतात. मराठीत आपण ‘विलासी’ किंवा ‘चैनी’ म्हणून पुढे जातो. पण त्यामुळे शब्दातले गाव हरवते. मुळात तो ‘पुणेकर’सारखा साधा ग्रामवाचक शब्द आहे. सिबराइट म्हणजे सिबॅरिसचा रहिवासी.

इ.स.पू. 720च्या सुमारास ग्रीकांनी दक्षिण इटलीत, टारांटोच्या आखातावर हे नगर वसवले. दोन नद्यांमधली सुपीक जमीन, भरभराटीचा व्यापार, आणि स्ट्रॅबोच्या म्हणण्याप्रमाणे 25 गावांवर सत्ता. इ.स.पू. 510 मध्ये शेजारच्या क्रोटोनने ते जिंकले. क्रोटोनचा सेनापती होता ऑलिंपिकमधला प्रसिद्ध मल्ल मिलो. नगर 70 दिवसांत पडले आणि विजेत्यांनी नदी वळवून त्यावर सोडली, असे स्ट्रॅबो लिहितो.

मग उरल्या त्या कथा. पहाटे झोपमोड होते म्हणून सिबॅरिसमध्ये कोंबडे पाळायला बंदी होती. ठोकाठोक करणाऱ्या कारागिरांना नगरात थारा नव्हता. नवा पदार्थ शोधणाऱ्या आचाऱ्याला तो करण्याचा वर्षभर मक्ता मिळे. घोड्यांना पाव्यावर नाचायला शिकवले होते, म्हणून शत्रूने रणात पावे वाजवताच घोडदळ नाचू लागले! (आचाऱ्याचा मक्ता आज पेटंटचा पूर्वज म्हणून सांगितला जातो, आणि कारागिरांवरील बंदीला नगररचना म्हणता येईल, हे सोडून देऊ.) या कथा आपल्याला भेटतात त्या इ.स. 200च्या सुमारास लिहिणाऱ्या अथेनिअसकडे, म्हणजे सातशे वर्षांनंतर. त्याचे आधार अ‍ॅरिस्टॉटल, टिमीअस आणि फिलार्कस. तेही नगर बुडाल्यावर शतकाहून अधिक काळाने झालेले.

विलास मुळीच नव्हता असे आम्ही म्हणत नाही. काळाने अधिक जवळचा हिरोडोटसही स्मिंडिरिडीस या सिबॅरिसवासीयाला विलासाचा कळस म्हणतो. पण तोच हेही नोंदवतो की सिबॅरिस पडल्याचे कळताच समुद्रापलीकडच्या मिलेटसमधल्या सर्व प्रौढ पुरुषांनी मुंडन करून सुतक पाळले. खादाडांच्या गावासाठी कोणी असे करील, हे आम्हांस पटत नाही. युद्धाचे कारणही डायोडोरस वेगळेच देतो : टेलिस या सत्ताधीशाच्या चिथावणीने 500 धनिक हद्दपार झाले, ते क्रोटोनच्या आश्रयास गेले आणि क्रोटोनने त्यांना परत देण्यास नकार दिला. मेजवान्यांपेक्षा घरभेद अधिक भोवला, असे आमचे मत.

सिबॅरिसचा स्वतःचा इतिहासकार आपल्यापर्यंत पोचलेला नाही. नगराने आपणहून मागे ठेवले ते मान मागे वळवलेल्या बैलाची चांदीची नाणी आणि ऑलिंपियात सापडलेला, सर्डायोइ नावाच्या लोकांशी कायमची मैत्री जाहीर करणारा कांस्यपट. चैनीबद्दल त्यांत अक्षर नाही.

1960च्या दशकात अमेरिकन व इटालियन संशोधकांनी चुंबकमापक यंत्रांच्या साहाय्याने नगराची जागा निश्चित केली. ते कित्येक मीटर गाळाखाली होते, वर आणखी दोन नगरांचे थर. भूजल सतत उपसत तिथे खोदावे लागते. जानेवारी 2013 मध्ये क्राती नदीने बांध फोडला आणि उत्खननाची जागा पुन्हा चिखलाखाली गेली. स्ट्रॅबो सांगतो ती नदी हीच.