टेलगेटिंग : अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल आणि कौटुंबिक सहभोजनाची परंपरा – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमध्ये सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळातील शनिवार हा महाविद्यालयीन फुटबॉलचा वार मानला जातो. येथे 'फुटबॉल' म्हणजे भारतात परिचित असलेला पायाने खेळावयाचा खेळ नव्हे, तर रग्बीपासून विकसित झालेला, लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळला जाणारा खेळ होय. या खेळाच्या सामन्यापूर्वी क्रीडागाराच्या परिसरात हजारो कुटुंबे मोटारी उभ्या करतात, मंडप ठोकतात, अन्न शिजवितात किंवा घरून आणलेले अन्न मांडतात आणि आप्तेष्टांसह जेवतात. या प्रथेस 'टेलगेटिंग' असे म्हणतात. गाडीच्या मागील बाजूस बिजागरीने जोडलेली व खाली पाडता येणारी फळी म्हणजे 'टेलगेट'. या फळीचाच टेबलासारखा उपयोग होत असल्याने प्रथेस हे नाव मिळाले.

वरवर पाहता ही केवळ एक सहल वाटते. तथापि, एकाच ठिकाणी, त्याच झाडाखाली, त्याच पदार्थांसह तीन-तीन पिढ्या जेव्हा एकत्र येतात, तेव्हा त्या प्रथेस सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून महत्त्व प्राप्त होते. टेलगेटिंगचा उदय, तिचे कौटुंबिक स्वरूप आणि 'या पंगतीत कोणाला स्थान होते' हा प्रश्न, या तीन अंगांनी प्रस्तुत लेखात विवेचन केले आहे. त्यासाठी मिसिसिपी विद्यापीठातील 'द ग्रोव्ह' या परिसराचे उदाहरण प्रामुख्याने घेतले आहे.

उदय आणि विकास

टेलगेटिंगचा उगम सांगताना अमेरिकेत यादवी युद्धातील एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. २१ जुलै १८६१ रोजी बुल रन येथे झालेली लढाई पाहण्यासाठी वॉशिंग्टनमधील काही नागरिक घोडागाड्यांतून खाद्यपदार्थांच्या टोपल्या घेऊन गेले होते. हा प्रसंग ऐतिहासिक आहे. परंतु त्याचा खेळाशी संबंध नाही. त्यामुळे त्यास उगम न मानता लोकप्रिय आख्यायिका मानणे अधिक योग्य ठरते. चार्ल्स गुडनाइट याने १८६६ मध्ये गुराख्यांसाठी तयार केलेल्या स्वयंपाकाच्या गाडीचे साम्य मात्र अधिक जवळचे आहे. या गाडीच्या मागील पेटीचे झाकण खाली पाडले की स्वयंपाकाची फळी तयार होत असे.

महाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यातील न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला व रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. १८७५ पासून हार्वर्ड व येल यांच्यातील सामने सुरू झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अनेक विद्यापीठांनी माजी विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा सामन्याच्या निमित्ताने परत बोलाविण्याची 'होमकमिंग' ही प्रथा सुरू केली. हे परतणे पुढे टेलगेटिंगचा भावनिक पाया ठरले.

या प्रथेला खरा आकार मोटारीने दिला. फोर्डची 'मॉडेल टी' ही मोटार १९०८ मध्ये बाजारात आली. १९२० मध्ये देशात सुमारे ८० लाख मोटारींची नोंद होती. १९२९ मध्ये ती सुमारे २ कोटी ३० लाखांवर गेली. नेमक्या याच दशकात ओहायो (१९२२), नेब्रास्का (१९२३) आणि मिशिगन (१९२७) येथील प्रचंड क्रीडागारे उभी राहिली. लहान गावात वसलेले विद्यापीठ, त्यात गावाच्या लोकसंख्येहून मोठे क्रीडागार आणि दूरवरून मोटारीने येणारे प्रेक्षक अशी ही स्थिती होती. गावातील खानावळी एवढ्या लोकांना पुरणे शक्य नव्हते. शिदोरी बरोबर आणणे ही त्यामुळे प्रथम गरज होती. तिची परंपरा नंतर झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर या गरजेस सुबत्तेची जोड मिळाली. मागील दार उघडणारी प्रशस्त कौटुंबिक मोटार, जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये तयार केलेली झाकणाची गोल शेगडी आणि १९५६ च्या कायद्यान्वये सुरू झालेले सुमारे ४१,००० मैलांच्या महामार्गांचे जाळे, यांमुळे संपूर्ण स्वयंपाकघरच क्रीडागाराच्या दारात नेणे शक्य झाले.

प्रादेशिक वैविध्य

टेलगेटिंगचे स्वरूप सर्वत्र सारखे नाही. विस्कॉन्सिनमध्ये जर्मन वंशीयांच्या प्रभावामुळे 'ब्राटवुर्स्ट' हा मांसाचा प्रकार शेगडीवर भाजला जातो, तर लुइझियानात मोठ्या हंड्यांत 'जंबलाया' व 'गंबो' शिजतात. टेनेसी विद्यापीठाचे क्रीडागार नदीकाठी असल्याने तेथे १९६२ पासून बोटींतून येण्याची प्रथा पडली. दक्षिण कॅरोलिनात १९९० मध्ये क्रीडागाराजवळील लोहमार्गावर रेल्वेचे २२ जुने डबे कायमचे उभे करून त्यांची सजविलेली विश्रामगृहे करण्यात आली. गाडी बदलली, अन्न बदलले; मात्र ठरलेली जागा, ठरलेली माणसे आणि ठरलेला पदार्थ ही त्रयी सर्वत्र कायम राहिली.

कुटुंबसंस्था आणि टेलगेटिंग

टोन्या विल्यम्स ब्रॅडफर्ड आणि जॉन शेरी या अभ्यासकांनी नोत्र दाम विद्यापीठातील टेलगेटिंगवरील आपला शोधनिबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. सार्वजनिक जागेचे विधींच्या द्वारे घरात रूपांतर करणे, हे टेलगेटिंगचे मर्म असल्याचे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यासाठी त्यांनी चुलीची रोमन देवता वेस्टा हिच्या नावावरून एक नवी संज्ञाही योजिली. मराठीत 'वेगळी चूल मांडणे' म्हणजे कुटुंबातून विभक्त होणे. येथे मात्र चूल घराबाहेर मांडली जाते ती विखुरलेले कुटुंब एकत्र यावे म्हणून. नोकरीनिमित्त दूरच्या राज्यांत गेलेली मुले, त्यांची मुले आणि वृद्ध आईवडील यांच्या भेटीचे वर्षातील निश्चित दिवस सामन्यांच्या वेळापत्रकावरून ठरतात. एका हंगामात घरच्या मैदानावर साधारणतः सहा-सात सामने होतात. तेवढेच हे भेटीचे प्रसंग असतात.

या व्यवस्थेत श्रमविभागणीही दिसते. शेगडीवर मांस भाजण्याचे सर्वांच्या नजरेसमोरचे काम बहुधा पुरुषांकडे असते. आदल्या दिवसापासूनची पूर्वतयारी, भांडीकुंडी आणि आवराआवर ही न दिसणारी कामे बव्हंशी स्त्रियांकडे राहतात. घराबाहेर मांडलेल्या या घरात घरातील विषमताही बरोबर येते.

वारसा हा येथे केवळ भावनेचा विषय नाही. हंगामी तिकिटे आणि वाहन उभे करण्याच्या मोक्याच्या जागा विद्यापीठास दिलेल्या देणगीच्या प्रमाणात मिळतात. अशी तिकिटे मिळविण्यासाठी दिलेल्या देणगीच्या ८० टक्के रकमेवर १९८८ च्या कायद्याने करसवलत मिळत होती. २०१७ च्या करसुधारणेने ती रद्द झाली. म्हणजेच आजोबांच्या काळापासूनची जागा टिकविणे ही स्मृतीची बाब आहे, तशीच ती ऐपतीचीही बाब आहे.

'द ग्रोव्ह' : पंगत आणि बहिष्कार

मिसिसिपी विद्यापीठ ऑक्सफर्ड या सुमारे २५,००० वस्तीच्या गावी आहे. तेथील क्रीडागार सुमारे ६४,००० प्रेक्षकांचे आहे. विद्यापीठाच्या मध्यभागी असलेली सुमारे १० एकरांची ओक वृक्षांची राई म्हणजे 'द ग्रोव्ह'. पूर्वी कुटुंबे मोटारी थेट या राईत आणीत. १९९१ मध्ये पावसाने राईचा चिखल झाल्यानंतर वाहनांना तेथे बंदी करण्यात आली. उघड्या विस्तवालाही परवानगी नाही. त्यामुळे येथील टेलगेटिंगमध्ये ना फळी उरली, ना शेगडी. तरीही प्रथा ओसरली नाही. लाल-निळ्या मंडपांखाली पांढऱ्या चादरी, चांदीची भांडी, क्वचित टांगती झुंबरे आणि घरून आणलेले तळलेले कोंबडीचे मांस अशा थाटात ती वाढतच गेली.

या रम्य चित्राची दुसरी बाजू इतिहासात आहे. १८४८ मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठात ११४ वर्षे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. १९४० च्या दशकाच्या अखेरीस नागरी हक्कांना विरोध म्हणून दक्षिणेत दास्यसमर्थक संघराज्याचा ध्वज पुन्हा फडकू लागला आणि तो या विद्यापीठाच्या सामन्यांचेही चिन्ह बनला. २९ सप्टेंबर १९६२ रोजी जॅक्सन येथील सामन्याच्या मध्यंतरात राज्यपाल रॉस बार्नेट यांनी ध्वजधारी जमावापुढे राज्याच्या रूढींचा अभिमान सांगणारे भाषण केले. दुसऱ्याच रात्री जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशास विरोध म्हणून विद्यापीठात दंगल उसळली. तीत दोघांचा मृत्यू झाला व शंभरहून अधिक संघराज्य पोलीस जखमी झाले. १ ऑक्टोबर रोजी मेरेडिथ यांनी प्रवेश घेतला. दंगल झाली ती जागा ग्रोव्हला लागूनच आहे. त्या वर्षी विद्यापीठाचा संघ अपराजित राहिला. त्याच संघाने १९९८ मध्ये भेट दिलेल्या कमानीखालून आजही खेळाडू ग्रोव्हमधून क्रीडागाराकडे जातात. एकाच वर्षाच्या दोन स्मृती अशा रीतीने एकाच जागी नांदतात. कौटुंबिक आठवणींत मात्र विजयाची स्मृती सहज सांगितली जाते आणि दंगलीची टाळली जाते.

दंगलीनंतर बरोबर पाच वर्षांनी, ३० सप्टेंबर १९६७ रोजी, केंटकीचा नेट नॉर्थिंग्टन हा आग्नेय विभागीय स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. तो सामना मिसिसिपीविरुद्धच होता. खुद्द मिसिसिपीच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू १९७२ मध्ये आले. जॉन हॉकिन्स या विद्यापीठाच्या पहिल्या कृष्णवर्णीय प्रोत्साहकाने १९८२ मध्ये तो ध्वज हाती घेण्यास नकार दिला. १९८३ मध्ये विद्यापीठाने ध्वजाशी असलेला अधिकृत संबंध तोडला. १९९७ मध्ये क्रीडागारात काठ्या आणण्यास बंदी घालून ध्वज प्रत्यक्षात हटविण्यात आला. जुने बोधचिन्ह २००३ मध्ये मैदानावरून गेले, 'डिक्सी' हे गीत वाद्यवृंदाने २०१६ मध्ये थांबविले आणि १९०६ पासून उभा असलेला सैनिकाचा पुतळा २०२० मध्ये दफनभूमीत हलविण्यात आला. प्रत्येक टप्प्यावर विरोधकांचा युक्तिवाद एकच होता : ही आमच्या घराण्याची परंपरा आहे. कौटुंबिक परंपरा या शब्दाच्या आड सामाजिक वर्चस्व किती सहजतेने सुरक्षित राहते, हे यावरून दिसते.

समांतर परंपरा

बहिष्कृतांनी आपली स्वतंत्र पंगत मांडली, हेही नमूद करणे आवश्यक आहे. कृष्णवर्णीय महाविद्यालयांतील पहिला फुटबॉल सामना २७ डिसेंबर १८९२ रोजी उत्तर कॅरोलिनातील सॅलिसबरी येथे बिडल व लिव्हिंगस्टन यांच्यात झाला. ग्रॅम्बलिंग आणि सदर्न या विद्यापीठांतील सामना १९७४ पासून 'बायू क्लासिक' या नावाने न्यू ऑर्लिन्स येथे भरतो. या महाविद्यालयांच्या होमकमिंगमध्ये वाद्यवृंद, सामुदायिक भोजन आणि कुलसंमेलन यांचा संगम आढळतो. अन्य विद्यापीठांची दारे बंद असताना ज्या संस्थांनी पिढ्या घडविल्या, त्यांच्याकडे परतणे हा येथे कृतज्ञतेचा विधी ठरतो.

अलीकडील स्थित्यंतरे

१९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन फुटबॉलच्या प्रक्षेपणावरील राष्ट्रीय संघटनेचे नियंत्रण रद्द केले. त्यानंतर सामन्यांच्या वेळा दूरचित्रवाणी ठरवू लागली व कुटुंबांच्या जेवणाच्या वेळा तिच्या अधीन झाल्या. २०२० मध्ये करोना महासाथीमुळे अनेक विद्यापीठांनी टेलगेटिंगवर बंदी घातली. २०२४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील जुनी विभागीय संघटना विस्कळीत होऊन तिच्या १२ पैकी १० सदस्य विद्यापीठांनी अन्य संघटनांचा आश्रय घेतला. परिणामी लॉस एंजेलिस आणि न्यू जर्सी येथील, सुमारे ४,००० किलोमीटर अंतरावरील विद्यापीठे आता एकाच विभागात आहेत. एवढ्या अंतरावर शिदोरी बांधून मोटारीने जाणे अशक्यच आहे. जून २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली असून पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. मंडप उभारून देणाऱ्या व्यावसायिक संस्थाही आता उपलब्ध आहेत. घरच्या चुलीचे रूपांतर विकत घेतलेल्या सेवेत होत असताना परंपरेचा आशय टिकेल काय, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

निष्कर्ष

१. टेलगेटिंगचा उदय प्राचीन प्रसंगांपेक्षा मोटार, महामार्ग आणि लहान गावांतील मोठी क्रीडागारे या विसाव्या शतकातील भौतिक कारणांशी निगडित आहे.

२. विखुरलेल्या अमेरिकन कुटुंबास ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी एकत्र आणण्याचे कार्य ही प्रथा करते. म्हणूनच ग्रोव्हमध्ये गाडी व शेगडी नाहीशी झाल्यावरही ती टिकून राहिली.

३. जी प्रथा कुटुंबास जोडते, तीच कोणाला बाहेर ठेवावयाचे हेही ठरविते. मिसिसिपीच्या उदाहरणात चिन्हे बदलण्यास १९८२ ते २०२० असा प्रदीर्घ काळ लागला.

४. ध्वज, गीत व पुतळा जाऊनही ग्रोव्हमधील पंगत थांबली नाही. ही चिन्हे गेल्यास परंपराच नष्ट होईल, ही भीती निराधार होती, हे इतिहासाने दाखविले आहे. शैक्षणिक संस्थेच्या अंगणातील परंपरेचे मूल्यमापन ती किती जुनी आहे यावरून न होता, तिच्या पंगतीत नव्याने आलेल्यास जागा मिळते किंवा नाही, यावरून होणे आवश्यक आहे.