तळटीप : पॅलेस थिएटर

पॅलेस थिएटर : कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाचे मूळ नाव. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग कुस्ती मैदानाला लागून हे नाट्यगृह उभारले. बांधकाम १९१३ ते १९१५ या काळात झाले. कुस्ती आणि नाटक या दोन्ही कलांना दरबारचा आश्रय होता, त्यामुळे त्यांच्या वास्तूही शेजारी-शेजारीच आल्या. ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी १९०८ मध्ये स्थापन करणारे गायक-नट केशवराव भोसले (१८९०–१९२१) हे कोल्हापूरचेच. पुढे त्यांचे नाव नाट्यगृहाला देण्यात आले. संस्थान विलीन झाल्यानंतर वास्तू नगरसंस्थेच्या ताब्यात आली. १९७२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. तेव्हापासून देखभाल, भाडे आणि दुरुस्तीचा खर्च हे महापालिकेच्या कारभाराचे विषय आहेत.

८ ऑगस्ट २०२४ रोजी, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, लागलेल्या आगीत रंगमंच, छत व प्रेक्षागृह जळाले. दगडी बांधकामाचा काही भाग तेवढा उभा राहिला. मूळ स्वरूप जसेच्या तसे राखून पुनर्बांधणी करावी, अशी मागणी कलावंत व नागरिकांनी केली. नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्येच संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. त्यामुळे एरवी सर्वसाधारण सभेत झाली असती ती चर्चा बैठका, निवेदने व वृत्तपत्रांतून झाली.