वऱ्हाडचे तह आणि शांतीचे शास्त्र

वऱ्हाडात शांतता अनेकदा प्रस्थापित झाली, परंतु ज्या कागदांनी ती आणली त्यांवर वऱ्हाडच्या रयतेची संमती दीर्घकाळ कोणी मागितली नाही. निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दुअंमलीत एकाच मुलखाच्या वसुलावर दोन सरकारे हक्क सांगत. ती दुअंमली इंग्रज व भोसले यांच्यातील २९ नोव्हेंबर १८०३ ची आडगावची लढाई, पंधरवड्याने झालेला गाविलगडचा पाडाव आणि १७ डिसेंबरचा देवगावचा तह यांनी मोडली. पुढे १८५३ मध्ये हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकीत खर्चापोटी निजामाने हा प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला, आणि १९०२ मध्ये तो वार्षिक २५ लाख रुपयांच्या खंडावर इंग्रज सरकारकडे कायमचा गेला. मुलूख गहाण पडावा आणि कुळाला त्याची वार्ताही नसावी, असा तो व्यवहार होता.

या परंपरेत ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार अपूर्व ठरतो. स्वातंत्र्य आठवड्यावर आलेले असताना, संयुक्त महाराष्ट्राचे पुरस्कर्ते शंकरराव देव आणि ब्रिजलाल बियाणी, पंजाबराव देशमुख यांच्यासारखे वऱ्हाडचे पुढारी अकोल्यास समोरासमोर बसले. पश्चिम महाराष्ट्र व महाविदर्भ (वऱ्हाड आणि नागपूरकडील मराठी जिल्हे) असे दोन उपप्रांत एकाच प्रांतात असावेत, त्यांना स्वतंत्र विधिमंडळे असावीत, आणि असा एक प्रांत न झाल्यास महाविदर्भ वेगळा व्हावा, असे त्यांनी ठरविले. येथे विजेता नव्हता, तरीही तह झाला.

तो अंमलात मात्र आला नाही. १९५३ च्या नागपूर कराराने उपप्रांतांची कल्पना सोडून नोकऱ्या, शिक्षण व खर्चाच्या वाटणीची आश्वासने दिली. १९५५ मध्ये राज्यपुनर्रचनेच्या फाजल अली आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, आणि तरीही १ मे १९६० रोजी विदर्भ महाराष्ट्रातच आला. १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने विकासाचा प्रादेशिक अनुशेष मोजून पुढील वर्षी तो सुमारे ३,१८६ कोटी रुपये ठरविला, आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के निघाला. सहीने मिटलेला तंटा हिशेबात पुन्हा उभा राहिला.

शांतीचा अभ्यास एकाच विद्याशाखेच्या स्वाधीन का करता येत नाही, हे या इतिहासावरून कळते. अमेरिकेतील मँचेस्टर महाविद्यालयाने १९४८ मध्ये शांतीचा अभ्यासक्रम सुरू केला. नॉर्वेच्या योहान गाल्टुंग यांनी पुढे युद्धाचा अभाव आणि न्यायाधिष्ठित शांतता यांतील भेद विशद केला. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयातही अहिंसा व शांती यांचे अध्ययन चालते. देवगावच्या तहासाठी मोडी आणि फारसी दप्तर वाचणारा इतिहासकार हवा, १८५३ च्या व्यवहारासाठी जमाखर्च जाणणारा, अकोला करारासाठी घटनाशास्त्रज्ञ, आणि अनुशेषासाठी अर्थशास्त्रज्ञ. कारण प्रत्येकाला तंट्याचे एकेक अंगच दिसते.

संमतीने करार होणे ही शांतीची केवळ पहिली पायरी. दिलेल्या शब्दाची वर्षानुवर्षे तपासणी होणे ही दुसरी, आणि वऱ्हाडच्या बाबतीत चुकली ती दुसरी. म्हणून अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्यांनी शांतीचे शास्त्र परदेशी ग्रंथांपासून नव्हे, तर अकोला करारापासून शिकण्यास आरंभ करावा.