भंडाऱ्याची पोटनिवडणूक, १९५४ : दोन जागा, दोन मते आणि बाबासाहेबांचा पराभव

१/ मे १९५४. मध्य प्रदेश राज्यातील भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. एकमेकांशी समझोता केलेल्या दोन पक्षांचे दोन उमेदवार तेथे उभे होते. मतदार तेच, मतपेट्या त्याच दालनात. निकाल लागला तेव्हा एक निवडून आला होता आणि दुसरा पडला होता. निवडून आलेले होते प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. पडलेले होते शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

२/ आजचा गोंदिया जिल्हा त्या वेळी भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. हा भाग १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात आला आणि गोंदिया हा वेगळा जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. १९५४ च्या या निवडणुकीचे मूळ मात्र थेट गोंदिया गावातच होते, विड्यांच्या एका व्यवहारात.

३/ निकाल लागला की विश्लेषक उमेदवारांच्या चुका मोजू लागतात. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत तर कोणते राज्य कोणत्या आठवड्यात कुणाकडे झुकले आणि कोणत्या वक्तव्याने झुकले, याचा हिशेब महिनोन्महिने चालतो. तरीही २००० आणि २०१६ साली देशभरात अधिक मते मिळवणारा उमेदवार तेथे हरला, कारण तेथील निकाल राज्यवार हिशेबाने लागतो. भंडाऱ्याच्या कथेतही चुका आहेत. पण मोजणीचा नियम समजल्याशिवाय कोणती चूक खरी आणि कोणती केवळ म्हणायची, हे कळत नाही.

४/ म्हणून आधी नियम. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या ४८९ जागांसाठी ४०१ मतदारसंघ होते. त्यांपैकी ८६ मतदारसंघ द्विसदस्यीय होते, म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन खासदार. बहुतेक ठिकाणी त्यांतील एक जागा सर्वसाधारण आणि दुसरी अनुसूचित जातींसाठी किंवा जमातींसाठी राखीव असे. भंडारा हा अशांपैकीच एक.

५/ अशा मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते असत. मतदान केंद्रात प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराच्या हातात दोन मतपत्रिका. त्या दोन वेगवेगळ्या उमेदवारांच्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एकच मोजली जाई, दुसरी बाद होई. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात ही तरतूद स्पष्ट होती. तो कायदा संसदेत मांडणारे विधिमंत्री होते डॉ. आंबेडकर.

६/ मोजणीचा क्रम अधिक महत्त्वाचा. प्रथम राखीव जागा भरली जाई : अनुसूचित जातींच्या उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी. त्यानंतर उरलेल्या सर्व उमेदवारांमधून सर्वाधिक मते मिळवणारा दुसऱ्या जागेवर निवडून येई. ‘उरलेल्या सर्व’ या शब्दांत राखीव जागेवर मागे पडलेले उमेदवारही येत. म्हणजे अनुसूचित जातीचा उमेदवार राखीव जागा हरूनही सर्वसाधारण जागा जिंकू शकत असे. हा बारकावा ध्यानात ठेवावा. पुढे सगळे त्यावर फिरते.

७/ भंडाऱ्यापूर्वीचा प्रसंग मुंबईचा. १९५२ साली उत्तर मुंबईच्या द्विसदस्यीय मतदारसंघात आंबेडकर राखीव जागेवर उभे होते आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर. दोघेही पडले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मते, आंबेडकरांना १,२३,५७६. फरक साडेचौदा हजारांचा. आणि बाद ठरलेली मते सत्तर हजारांहून अधिक.

८/ इतकी मते बाद कशी झाली? त्या काळच्या राजकारणात एक शब्द रूढ झाला होता : मत कुजवणे. आपल्या उमेदवाराला एक मत द्यायचे आणि दुसरे मत कोणालाच मिळू नये अशी व्यवस्था करायची. दुसऱ्याला लाभ होऊ न देणे हाच त्याचा हेतू. मुंबईत कम्युनिस्टांनी मतदारांना दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकण्यास सांगितले, असा आंबेडकर आणि मेहता यांचा आरोप होता. दोघांनी मिळून निवडणूक याचिका केली. ती फेटाळली गेली. कुजलेल्या मतांचा फटका काय असतो, हे बाबासाहेबांनी स्वतः भोगले होते.

९/ आता भंडारा. पहिल्या निवडणुकीत येथून काँग्रेसचे चतुर्भुज जसानी सर्वसाधारण जागेवर आणि तुलाराम साखरे राखीव जागेवर विजयी झाले होते. जसानी हे गोंदियाच्या मूलजी सिक्का आणि कंपनी या विडी व्यवसायातील पेढीचे भागीदार. तेंदूच्या पानांचे जंगल, रेल्वेचे जंक्शन आणि विड्या वळणारे हजारो हात, यांवर उभा राहिलेला हा धंदा. या पेढीचा सैनिकांच्या कँटीनसाठी विड्या पुरवण्याचा सरकारशी करार होता.

१०/ सरकारला माल पुरवण्याच्या कंत्राटात ज्याचा हितसंबंध आहे, त्याला निवडणूक लढवण्यास कायद्याने मनाई होती. मतदारसंघातील काही मतदार न्यायाधिकरणात गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. करार राज्यघटनेने ठरवून दिलेल्या नमुन्यात झालेलाच नाही, म्हणून तो करारच नव्हे, असाही युक्तिवाद झाला. न्यायालयाने तो मानला नाही. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलेल्या निकालाने जसानी अपात्र ठरले. पहिली चूक ही : उमेदवारी भरताना विड्यांचे कंत्राट हलके समजले गेले.

११/ दुसरी चूक अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याची. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी अर्ज भरला होता. ते जन्माने महार. पण त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला होता. पंथ जातिभेद मानत नाही, म्हणून ते आता महार राहिले नाहीत, असे ठरवून त्यांचा अर्ज फेटाळला गेला. सर्वोच्च न्यायालयाने याच निकालात हे चुकीचे ठरवले.

१२/ न्यायालयाने तीन कसोट्या सांगितल्या : जुना समाज त्या माणसाकडे कसा पाहतो, त्या माणसाचा स्वतःचा हेतू काय आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. गृहस्थाश्रमी महानुभावाची जात पंथ स्वीकारल्याने सुटत नाही, असा निष्कर्ष निघाला. महानुभाव पंथाची उपासना विदर्भात शतकानुशतके चालत आली आहे. तिच्यावरचा हा निकाल धर्मांतर आणि जात यांविषयीच्या खटल्यांत पुढेही आधाराला घेतला गेला. भंडाऱ्यापुरता त्याचा परिणाम मात्र तातडीचा होता : सगळी निवडणूक रद्द झाली आणि दोन्ही जागा रिकाम्या झाल्या.

१३/ आंबेडकर तेव्हा राज्यसभेचे सदस्य होते, म्हणजे संसदेबाहेर नव्हते. परंतु लोकांनी थेट निवडून दिलेल्या सभागृहात जाण्याची संधी मुंबईने नाकारली होती आणि नागपूर-भंडाऱ्याचा पट्टा हा फेडरेशनच्या बळाचा प्रदेश होता. प्रकृती साथ देत नव्हती, तरी ते उभे राहिले. सर्वसाधारण जागेवर पुन्हा अशोक मेहता. काँग्रेसने राखीव जागेवर भाऊराव बोरकर यांना उमेदवारी दिली.

१४/ प्रचारात आंबेडकरांनी नेहरू सरकारवर, विशेषतः परराष्ट्र धोरणावर, कठोर टीका केली. मेहतांचा सूर निराळा होता. वर्षभर आधीच, जून १९५३ मध्ये, बैतूलच्या अधिवेशनात त्यांनी मागासलेल्या अर्थव्यवस्थेत विरोधकांनीही काही बाबतींत सरकारशी सहकार्य करावे, असा विचार मांडला होता. नेहरूंना मानणाऱ्या मतदाराला मेहता परके वाटण्याचे कारण नव्हते. आंबेडकरांची टीका ही ‘चूक’ म्हणावी असे ज्यांना वाटते, त्यांचा आधार एवढाच. पण फेडरेशनचा उमेदवार काँग्रेसविरुद्ध बोलणार नाही तर कोणाविरुद्ध?

१५/ समझोत्याचा अर्थ साधा होता : दोन्ही पक्षांच्या मतदारांनी एक मत मेहतांना आणि एक आंबेडकरांना द्यावे. अडचण येथेच होती. फेडरेशनच्या मतदाराकडे दुसरे मत होते आणि तो ते मेहतांना देणार, यात फारशी शंका नव्हती. समाजवादी पक्षाला मानणारा सवर्ण मतदार आपले दुसरे मत आंबेडकरांना देईल का, ही शंका होती.

१६/ म्हणून कार्यकर्त्यांमधून सूचना पुढे आली, असे त्या काळच्या आठवणींत सांगितले जाते : आपली दुसरी मते कुजवावीत. वर सांगितलेला नियम येथे कामाला येतो. फेडरेशनची मते मेहतांना गेली नसती, तर मेहतांची एकूण बेरीज खाली आली असती. आंबेडकर राखीव जागेवर मागे पडले असते तरी ‘उरलेल्या सर्वां’मध्ये सर्वसाधारण जागेसाठी त्यांचा दावा उभा राहिला असता. त्यासाठी त्यांना काँग्रेसच्या सर्वसाधारण उमेदवाराच्याही पुढे जावे लागले असते. वाट अरुंद होती, पण कायदेशीर होती.

१७/ त्याच आठवणी सांगतात की बाबासाहेबांनी ती सूचना नाकारली. पडलो तरी चालेल, पण राज्यघटना घडवण्यात ज्याचा हात आहे तो माणूस लोकांना मत वाया घालवायला सांगणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. हे मत कोणाचे होते, याचा विचार करावा. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत ज्यांना मताचा अधिकारच नव्हता, अशा विडी वळणाऱ्या, धानाच्या बांधीत राबणाऱ्या माणसांचे. त्यांच्या हातात प्रथमच आलेल्या दोन मतांपैकी एक फेकून द्यायला सांगायचे?

१८/ निकाल लागला. बोरकरांनी आंबेडकरांचा आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी पराभव केला. मेहता सर्वसाधारण जागेवर विजयी झाले. मोजणीच्या नियमावरूनच एक गोष्ट सिद्ध होते : मेहता निवडून आले त्याअर्थी त्यांची मते आंबेडकरांपेक्षा अधिक होती. म्हणजे मेहतांना मत देऊन आंबेडकरांना न देणारे मतदार निश्चितच होते. त्यांची नावे गुप्त मतदानात झाकलेली राहिली. त्यांचे अस्तित्व मात्र आकड्यांत उघडे पडले.

१९/ ‘बाहेरचा उमेदवार’ हे कारणही पुरत नाही, कारण मेहताही मुंबईहूनच आले होते. काँग्रेसविरोधी लाट नव्हती, असे म्हणावे तर मेहता काँग्रेसलाच हरवून जिंकले. दोघांचा मतदारसंघ एक, विरोधक एक, समझोता एक. फरक उरतो तो एवढाच की एकाच्या मतदारांनी दुसरे मत शब्दाप्रमाणे दिले आणि दुसऱ्याच्या सगळ्या मतदारांनी तसे केले नाही.

२०/ हा नियम किती अनपेक्षित निकाल देऊ शकतो, हे तीन वर्षांनी आंध्रात दिसले. १९५७ साली पार्वतीपुरम् या द्विसदस्यीय मतदारसंघात अनुसूचित जमातींच्या दोन उमेदवारांना इतकी मते मिळाली की दोन्ही जागा त्यांनीच घेतल्या आणि सर्वसाधारण जागेचा उमेदवार पडला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला, तेथेही हरला. त्याचे नाव व्ही. व्ही. गिरी. १९६९ मध्ये हेच गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांच्या मोजणीनंतर राष्ट्रपती झाले. एका मोजणीने पाडलेल्या माणसाला दुसऱ्या मोजणीने राष्ट्रपती भवनात नेले. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्यीय मतदारसंघ रद्द झाले.

२१/ भंडाऱ्याची पुढची हकिकतही नोंद घेण्याजोगी आहे. भाऊराव बोरकर यांचे लवकरच निधन झाले आणि १९५५ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी अनसूयाबाई बोरकर लोकसभेवर गेल्या. पहिल्या लोकसभेच्या एका मुदतीत भंडाऱ्याने तीनदा मतदान केले. अशोक मेहता १९६७ मध्ये पुन्हा याच मतदारसंघातून निवडून आले. या वेळी काँग्रेसचे उमेदवार म्हणून.

२२/ आंबेडकरांनी लोकसभेची निवडणूक पुन्हा लढवली नाही. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली; भंडारा-गोंदियाच्या गावागावांतून माणसे तेथे गेली. ठवरे यांच्या खटल्यात एका माणसापुरता विचारला गेलेला प्रश्न, धर्म बदलला तर जात राहते का, आता लाखोंपुढे उभा होता. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत स्थान मिळायला १९९० साल उजाडावे लागले.

२३/ जसानींची चूक कायद्याने पकडली, अधिकाऱ्याची चूक न्यायालयाने दुरुस्त केली. तिसरी ‘चूक’, मते न कुजवण्याची, आजही डावपेचांच्या चर्चेत चूक म्हणूनच मोजली जाते. हिशेबाच्या दृष्टीने ती तशी असेलही. पण राखीव जागा आणि संयुक्त मतदारसंघ या व्यवस्थेचा पायाच असा होता की एका समाजाने दुसऱ्या समाजाच्या उमेदवाराला विश्वासाने मत द्यावे. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या दलित मतदाराने आपल्या वाट्याचा तो विश्वास पाळला. तो परत मिळाला नाही, याचा दोष त्याच्या नेत्याच्या डावपेचांत शोधणे सोयीचे आहे, इतकेच.